शिरोळ की शिरोली

जुलै लागला की कोल्हापुरात माणसं एकमेकांना ‘जेवलास काय’ विचारायच्या आधी ‘किती फुटाला हाय?’ असं विचारतात. काय किती फुटाला, ते सांगावं लागत नाही. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी कुठवर आलं, हाच प्रश्न असतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. रेडेडोह फुटला म्हटलं की पन्हाळ्याकडचा रस्ता गेला, हे कळतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा साडेपंचावन्न फुटांच्या वर गेला. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, ५६ ओलांडून गेला.

या दोन्ही पुरांत मी राजारामपुरीत, आमच्या गच्चीवरच्या खोलीत बसून होते. राजारामपुरी उंचावर आहे. आमच्या दारात पाणी आलं नाही, येणारही नव्हतं. व्हीनस कॉर्नरला होड्या चालल्यात, दसरा चौकात पाणी आहे, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती भिजून गेल्या, हे सगळं मला लोकांनी येऊन सांगितलं. २०१९ चा पूर मी पाहिला असं म्हणणं खोटं ठरेल. मी तो ऐकला, तोही बराचसा खरखरीत.

मी हॅम आहे. हे सांगितलं की पहिला प्रश्न ‘म्हणजे काय?’ आणि दुसरा ‘पण आता मोबाइल आहेत की!’ असतो. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या घरातून बिनतारी संच चालवणारी हौशी माणसं. केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग परवाना देतो. भारतातल्या वरच्या श्रेणीच्या परवानाधारकाचं नाव व्हीयू-टूनं सुरू होतं, खालच्या श्रेणीचं व्हीयू-थ्रीनं. राजीव गांधी व्हीयू-टू-आरजी होते, हे प्रत्येक हॅम पहिल्या पाच मिनिटांत सांगतोच, म्हणून मीही सांगून मोकळी होते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला अनेक वर्षं नीट देता येत नव्हतं. ऑगस्ट २०१९ नंतर देता येतं, पण ते देताना माझी मान खाली जाते. हा लेख त्याबद्दल आहे.

मला या नादाला लावलं ते काकांनी. माझे सख्खे काका नव्हेत. शुक्रवार पेठेत राहणारे, तार खात्यातून निवृत्त झालेले. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. एकदा मुलांना रेडिओलहरींचा प्रयोग दाखवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून त्यांना बोलावलं. त्यांनी लाकडी पाटीवर बसवलेली पितळी मोर्स की आणली आणि पोरांची नावं कट्ट-कडकट्ट करून वाजवून दाखवली. पोरं दहा मिनिटांत कंटाळली. मी नाही कंटाळले. पुढचं वर्षभर संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मोर्स शिकले. काका शिकवताना कागद देत नसत. ‘लिहून शिकलीस तर डोळ्यानं शिकशील. हे कानाचं काम हाय.’ काकू आतून चहा आणत आणि ‘ह्यांचं टिकटिक घरात कमी होतं म्हणून आता तुझंपण,’ म्हणत.

१५ जुलै २०१३ ला देशातली तार सेवा बंद झाली, त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. फक्त त्या संध्याकाळी रेडिओवर नेहमीपेक्षा तासभर जास्त बसले.

हॅमचं जग पुरुषांचं आहे. तिथं सगळ्या पुरुषांना ‘ओम’ म्हणतात, म्हणजे ओल्ड मॅन. आमच्याकडच्या एका मामांना वर्षभर ते ॐच वाटत होतं आणि त्यांना फार बरं वाटायचं की ही मंडळी एवढी धार्मिक आहेत. बाईला ‘वायएल’ म्हणजे यंग लेडी, वय काहीही असो. लग्नाच्या बायकोला ‘एक्सवायएल’, म्हणजे माजी यंग लेडी. हे कुणी ठरवलं असेल ते सांगायला नको. त्यात मी कोल्हापूरची. आमच्याकडच्या मुली ‘मी आलो, मी ऐकतो’ असंच बोलतात. सात मेगाहर्ट्झवर सकाळच्या गप्पांत मी पहिल्यांदा ‘बोला, मी ऐकतो’ म्हटलं, तेव्हा पलीकडच्या पुण्याच्या गृहस्थांचा संच जरा चुकीचा लागलेला असणार, कारण एसएसबीवर थोडं इकडंतिकडं झालं की बाईचा आवाज घोगरा होतो. त्यांनी चार महिने मला ‘ओम’ म्हटलं. मीही दुरुस्त केलं नाही.

आमच्या गच्चीवर ६६ फूट तांब्याची तार आहे, मधोमध कापून दोन्ही बाजूंना ३३-३३ फूट. मधला खांब उद्यमनगरातल्या एका वेल्डरनं करून दिला. एक टोक पाण्याच्या टाकीला, दुसरं शेजाऱ्यांच्या नारळाला. एवढी तार सात मेगाहर्ट्झला जुळते. फार उंच टांगली नाही तर तिचा बराचसा जोर सरळ आकाशात जातो, आणि वरच्या आयनांच्या थरावरून परतून आसपासच्या दोन-तीनशे किलोमीटरात पसरतो. मधे डोंगर असला तरी बिघडत नाही, टॉवर लागत नाही, तार पडली तर दोन बांबूंवर परत बांधता येते. बारा व्होल्टची बॅटरी पुरते. सगळी हकीकत एवढीच.

याच पट्ट्याची एक गोष्ट मला फार आवडते. दुसरं महायुद्ध सुरू होताच ब्रिटिशांनी हौशी परवाने रद्द केले आणि संच जमा करायला लावले. १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्याचा ट्रान्समीटर जुळवून दिला तो नरिमन प्रिंटर नावाच्या एका हॅमनं. पुढं पोलिसांच्या हाती लागल्यावर त्यानंच ठिकाणही दाखवलं. ते केंद्र ४२.३४ मीटरवर बोलायचं. भागाकार करून पाहिला तर सात मेगाहर्ट्झच्या जरासं वर येतं, म्हणजे आज मी ज्या पट्ट्यात पुण्याच्या ओमशी पावसाच्या गप्पा मारते, तिथंच. ट्रान्समीटर बांधणारा आणि दाखवून देणारा माणूस एकच. आपल्या हातातल्या यंत्राचं कौतुक फार वाढायला लागलं की मी ही गोष्ट आठवते.

हौशी लोकांची आणि संकटांची गाठ जुनी आहे. २००४ च्या डिसेंबरात दिल्लीच्या भारती प्रसाद अंदमानात हौसेखातर संच लावून बसल्या होत्या, जगभरच्या हॅमना त्या दुर्मीळ बेटांवरचा संपर्क मिळावा म्हणून. २६ तारखेला त्सुनामी आली आणि हौसेचा संच निरोपांचा झाला. अशा गोष्टी ऐकूनच माणसं या नादात येतात. आपल्यालाही कधीतरी अशी वेळ यावी, असं प्रत्येक हॅमला आतून वाटतं. हे बोलायचं नसतं, पण वाटतं. मलाही वाटायचं.

२०१९ ला ती वेळ आली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता बंद झाला. कोल्हापूर बेट झालं. पेट्रोल संपत आलं, पाण्याचे उपसा पंप बुडाले, भाजी-दूध नाही. शुक्रवार पेठेत पाणी शिरायच्या आदल्या रात्री काका-काकू चालत आमच्याकडं आले. काकूंच्या हातात कपड्यांची पिशवी, काकांच्या हातात तांदळाची प्लास्टिकची पोती. आत दोरीनं बांधलेला संच आणि ती पितळी की. काकूंचा देव्हारा राहिला होता. त्यावरून पुढं कितीतरी महिने बोलणी झाली.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको. कोल्हापूर हॅमनी वाचवलं वगैरे काही नाही. होड्या घेऊन एनडीआरएफ, लष्कर, नौदल आलं. त्यांच्याही आधी गावोगावची पोरं काहिली आणि ट्यूब घेऊन उतरली होती. पोलिसांची बिनतारी यंत्रणा चालू होती. मोबाइलही पुरता मेला नव्हता. व्हॉट्सॲपवर तर इतके निरोप फिरत होते की खरे कुठले आणि शिळे कुठले हेच कळेना. पण वीज गेलेल्या गावांत टॉवरचं डिझेल संपत होतं, फोनच्या बॅटऱ्या उतरत होत्या, आणि शिरोळ तालुक्याच्या पूर्वेकडच्या काही गावांतून तासन्‌तास काहीच कळत नव्हतं. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तिथं दोन्ही नद्या फुगल्यावर मधली गावं पाण्यातच असतात.

त्यातल्या एका गावात माझा जुना विद्यार्थी होता. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यानं कॉलेज सोडल्यावर खालच्या श्रेणीचा परवाना काढला होता. शेती करायचा आणि रात्री रेडिओवर बसायचा. पाणी आल्यावर गाव उंचावरच्या शाळेत गेलं. हा ट्रॅक्टरची बॅटरी, संच आणि तार घेऊन त्याच शाळेच्या वरच्या मजल्यावर गेला. ६ ऑगस्टला दुपारी मला त्याची हाक ऐकू आली. मी खुर्चीतून उठून उभी राहिले, हे मला चांगलं आठवतं. उभं राहून काहीही जास्त ऐकू येत नाही.

आम्ही वेळा ठरवल्या. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच, दर तासाला पाच मिनिटं, म्हणजे बॅटरी टिकेल. रात्री ठेवून उपयोग नव्हता. सूर्याचं चक्र अकरा वर्षांचं असतं आणि २०१९ हे त्यातलं सगळ्यात मंद वर्ष. ऊन उतरलं की वरचा थर पातळ व्हायचा, आणि सरळ वर गेलेली लहर परत येण्याऐवजी निघून जायची. संध्याकाळी सातनंतर मला श्रीलंकेतली माणसं स्वच्छ ऐकू यायची. पन्नास किलोमीटरवरचं शिरोळ मात्र गप्प.

नियमाचा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. हौशी परवान्यावर तिसऱ्या माणसाचे निरोप पोचवता येत नाहीत. १९७८ च्या नियमांत भूकंप, पूर, वादळ, मोठी आग अशा आपत्तींसाठी सूट आहे, पण निरोप सक्षम अधिकाऱ्याकडून आलेला आणि तशाच अधिकाऱ्याला जाणारा हवा. म्हणजे मुख्य सचिव, मदत आयुक्त, जिल्हाधिकारी, किंवा त्यांनी नेमलेला कुणी. औषध पाहिजे, होडी पाहिजे, इतकी माणसं आहेत, हे निरोप बसत होते. शाळेत एक शासकीय कर्मचारी होते, त्यांच्या नावानं ते येत. इकडं मी लिहून घेई आणि आमच्या गल्लीतली दोन पोरं आलटून पालटून ते जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात नेऊन देत. फोन लागला तर फोन.

पण आमच्या फाटकाशी दुसरीच रांग लागायला लागली. राजारामपुरीत भाड्यानं राहणारी शिरोळकडची पोरंपोरी, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेली आणि अडकलेली माणसं. ‘मॅडमकडं वायरलेस हाय’ ही बातमी कशी पसरली कोण जाणे. एक बाई दोन तास जिन्यात बसून होती. ‘एवढंच विचारा ओ, आमची म्हातारी वर आली काय. नाव आक्काताई. दुसरं काय नको.’ मी तिला नियम सांगितला. नियम सांगताना माझा आवाज सरकारी झाला, हे मला ऐकू आलं.

काका कोपऱ्यात बसून ऐकत होते. म्हणाले, ‘शाळेत कोण-कोण हाय त्याची यादी अधिकाऱ्याला पाहिजेच की. मागव यादी. त्यांच्या नावानं. आली की कक्षात दे, आणि एक परत फाटकावर लाव.’ तीस वर्षं खात्यात काढलेल्या माणसालाच नियम असा आतून माहीत असतो.

त्या यादीला दोन दिवस गेले. गावातली नावं मराठी, आणि आम्ही ती इंग्रजी अक्षरांत, अक्षरागणिक शब्द घेऊन सांगायची. पाटील म्हणजे पापा, अल्फा, टँगो, इंडिया, लिमा. यादीत तीन आक्काताई निघाल्या. मग सासरचं, माहेरचं, नवऱ्याचं नाव मागवलं. जिन्यातल्या बाईची आक्काताई तिसरी होती. ती खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडली, आणि मला वाटलं की मोबाइल आहेत की, या प्रश्नाला उत्तर मिळालं. त्या रात्री मी फार खुशीत होते. हे सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते त्या खुशीतच झालं.

८ ऑगस्ट. लॉगबुकात ०६१२ लिहिलंय. आम्ही नोंदी जागतिक वेळेत करतो. म्हणजे आपले अकरा बेचाळीस. त्या दिवशी विजा फार होत्या आणि कानात सारखं फटफट फुटत होतं. त्यामुळं तो शिकवल्याप्रमाणं एकेक शब्द अक्षरागणिक सांगत होता. निरोप असा होता: तीन मधुमेही, त्यातली एक अकरा वर्षांची मुलगी, इन्सुलिन संपलं. शिरोळला पोचवा. तिथं गावाची होडी थांबली आहे, ती घेऊन येईल.

निरोपाची घडण अशी की आधी ठिकाण, मग वस्तू. तो म्हणाला: सिएरा, हॉटेल, इंडिया, रोमिओ, ऑस्कर, लिमा. मग खरखर. मग: इंडिया. मग परत खरखर, आणि त्यातून नोव्हेंबर, सिएरा, युनिफॉर्म, लिमा...

दुसरा शब्द इन्सुलिन आहे हे मला कळलं, कारण आधीच्या वाक्यावरून ते कळण्यासारखंच होतं. पण त्याच्या पहिल्या अक्षरातला इंडिया मी मागच्या शब्दाला जोडला. शिरोळ. आय. शिरोली. गेले तीन दिवस सगळ्यांच्या तोंडात शिरोलीच होतं. महामार्ग तिथंच बंद, ट्रक तिथंच अडकलेले, बाहेरून येणारी मदत तिथंच उतरत होती. शिरोलीत औषध पोचवा, हे मला इतकं साहजिक वाटलं की पेन थांबलंसुद्धा नाही. मी ‘समजलं’ म्हटलं, त्यानं बॅटरी वाचवायला संच बंद केला, आणि पोरगं चिठ्ठी घेऊन पळालं.

नियंत्रण कक्षानं त्यांचं काम चोख केलं. पलीकडच्या बाजूच्या माणसांना निरोप गेला, दीड-दोन तासांत औषध मिळालं आणि शिरोलीत येऊन थांबलं. तिथं होडी नव्हती. होडी असायचं काही कारणच नव्हतं. ती तिकडं पूर्वेला, शिरोळला काठाशी उभी होती. वल्हवणारी चार माणसं भिजत वाट बघून दुपारी रिकामी परत गेली. त्या पाण्यातून जाणं-येणं म्हणजे काय, ते मला त्याच दिवशी कळणार होतं. दुपारच्या सुमारास बातमी आली की पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची होडी उलटली. मी त्या बातमीनं हळहळले आणि परत हेडफोन लावला. आपणही आज चार माणसांना त्याच पाण्यातून फुकट फिरवलंय, याचा मला पत्ता नव्हता.

१०४० ला, म्हणजे चार वाजून दहा मिनिटांनी, त्याचा आवाज आला. ‘मॅडम, शिरोळला काय आलं नाही. होडी परत आली.’

मी म्हटलं, ‘शिरोलीत पोचलंय की.’

थोडा वेळ नुसती खरखर. मग तो अगदी सावकाश म्हणाला, ‘मॅडम, शिरोळ. शिरोळ तालुका.’

ळ आणि ली. मराठीत लिहिलं असतं तर ही दोन गावं कधी एकमेकांसारखी दिसली नसती. आम्ही इंग्रजी अक्षरांत गेलो आणि फरक एका आयवर येऊन थांबला. पण हे नंतरचं शहाणपण. त्या वेळी फक्त पोटात खड्डा पडला. दुरुस्तीचा निरोप साडेचारला गेला. गाडी शिरोलीहून हातकणंगले, जयसिंगपूर करत, बंद रस्ते चुकवत निघाली, ती शिरोळला पोचेपर्यंत अंधार झाला. अंधारात कुणी होडी घालणार नव्हतं, घालायला सांगायची माझी हिंमतही नव्हती. साडेपाचला पट्टा मिटला. त्या रात्री कुणीतरी पोर्तुगीजमध्ये छान गप्पा मारत होतं. मी संच चालू ठेवून बसले, उगीचच.

काकांना सगळं सांगितलं. ते ‘होतं असं’ म्हणतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, ‘कोलेशन घेतलंस?’

तार खात्यात नावं आणि आकडे निरोपाच्या शेवटी परत पाठवायचे, आणि घेणाऱ्यानं परत वाचून दाखवायचं. त्याला ते कोलेशन म्हणत. त्याचे वेगळे पैसे पडत नसत. हे त्यांनी मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. यादीची नावं घेताना मी ते प्रत्येक नावाला केलं होतं, आणि दोन दिवसांनी, एवढ्या नावांनंतर, मला त्याची गरज वाटली नाही.

‘नाही घेतलं,’ मी म्हटलं.

ते गप्प राहिले. मग उठून खाली काकूंकडं गेले. मला राग आला त्यांचा. दोन शब्द बोलले असते तर काय झालं असतं, असं वाटलं. पुढं कधीतरी कळलं की ते खाली जाऊन काकूंना म्हणाले होते, ‘तिला आता एकटं बसू दे. आम्हीपण बसलोय तसं.’ म्हणजे त्यांच्याही हातून कधीतरी काहीतरी गेलं होतं. काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला त्याची हाक आली. ‘इन्सुलिन पोचलं. तिघांनाबी मिळालं. ओव्हर.’ मी परत वाचून दाखवलं. मुलीला त्याच होडीनं पुढं दवाखान्यात हलवलं, एवढंच म्हणाला. सप्टेंबरात पाणी उतरल्यावर, घरं धुऊन झाल्यावर, तो मला भेटायला आला तेव्हा बाकीचं कळलं. मुलगी चार दिवस ॲडमिट होती. ठीक आहे, शाळेत जाते. पण डॉक्टर म्हणाले होते की आदल्या दिवशी औषध मिळालं असतं तर हलवायची वेळ आली नसती. हे त्यानं महिनाभर मनात ठेवलं होतं. सांगतानाही तो चहाच्या कपाकडं बघत होता, आणि स्वतःचीच चूक सांगितल्यासारखा म्हणाला, ‘मी मधी थांबायला पाहिजे होतं मॅडम. लिमा म्हटल्यावर जरा थांबायला पाहिजे होतं.’

आम्ही दोघांनी मिळून एक कागद केला. गावाचं नाव कधी एकटं सांगायचं नाही, तालुक्यासकट सांगायचं. कारण आपल्या जिल्ह्यात हेर्ले आहे आणि हेरवाड आहे. प्रयाग चिखली आहे आणि कागलची चिखली आहे. शिरोळ तालुक्यात राजापूर आहे आणि घाट उतरला की रत्नागिरीचं राजापूर आहे. शब्द संपला की ‘संपला’ म्हणायचं. शेवटी शब्द मोजून आकडा सांगायचा आणि घेणाऱ्यानं तो जुळवायचा. यात नवं काहीच नाही, तारवाल्यांनी आणि जगभरच्या हॅमनी हे शंभर वर्षांपूर्वीच ठरवलेलं आहे. फक्त आता तो कागद माझ्या संचाच्या वर, डोळ्यांसमोर चिकटवलेला असतो. काका म्हणायचे की हे कानाचं काम आहे. मला कानावर आता तेवढा भरवसा नाही.

ते २०२० च्या थंडीत गेले. की काकूंनी मला दिली. संच द्यायला मात्र नियम आडवा येतो, परवानाधारकालाच देता येतो, नोंद करावी लागते. तो सगळा पत्रव्यवहार मी केला. काकांना ते आवडलं असतं.

हल्ली दर पावसाळ्याच्या तोंडाला कॉलेजातली पाच-सहा मुलं गच्चीवर येतात. दोघातिघांनी परीक्षा दिली आहे, बाकीची नुसती येतात. त्यांना परदेशातल्या माणसाशी बोलण्याची हौस असते, आणि ती असावीच. मी त्यांना आधी तासभर गावांची नावं सांगायला लावते. कंटाळतात. एकानं विचारलं, ‘मॅडम, आता सॅटेलाइट फोन आलेत की.’ मी म्हटलं, आलेत, आणि त्यावरही शिरोळ आणि शिरोली सारखंच ऐकू येतं.

२०२१ च्या जुलैत पाणी परत आलं. आदल्या वेळेपेक्षा वर, आणि जास्त झपाट्यानं. गाव या वेळी लवकर उठलं होतं, बहुतेक माणसं आधीच जयसिंगपूरला गेली होती. तो मात्र जनावरांसाठी मागं राहिलेल्या चाळीसेक माणसांबरोबर त्याच शाळेच्या वरच्या मजल्यावर होता. २४ तारखेला दुपारी निरोप आला. पाण्याचे कॅन आणि जनावरांची औषधं हवी होती. आवाज स्वच्छ होता, विजा नव्हत्या. तरी तो एकेक अक्षर सुटं करून सांगत होता.

‘पोचवायचं ठिकाण. सिएरा. हॉटेल. इंडिया. रोमिओ. ऑस्कर. लिमा. लिमाला संपलं मॅडम. म्होरं इंडिया नाही.’

‘म्होरं इंडिया नाही,’ मी म्हटलं. ‘तालुका शिरोळ. परत वाचतो.’

‘वाचा.’